न दिसणारी रेकी

मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळी जवळ आली की पोलीस ठाण्याकडून एक पत्रक हमखास निघतं. गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जा, दूध आणि पेपर बंद करा, दागिने घरात ठेवू नका, बाहेरचा दिवा चालू राहील असं बघा. आपण ते वाचतो, मान डोलावतो आणि बाजूला ठेवतो. पण या सूचनांमागे पोलिसांचा वर्षानुवर्षांचा अनुभव असतो. घरफोडी रात्री होते, पण तिची तयारी दिवसाढवळ्या झालेली असते. दारात तीन दिवसांचे पेपर पडलेत का, अंगणात सडा-रांगोळी दिसते का, मागच्या दाराची फळी कुजलेली आहे का, हे चोर येता-जाता बघून ठेवतो. तेव्हा तो कशाला हात लावत नाही, नुसतं बघतो. पोलिसांच्या आणि बातमीदारांच्या भाषेत याला ‘रेकी’ म्हणतात.

अशीच रेकी वेबसाइटचीही होते. फरक इतकाच, की तिथे गल्लीतून चक्कर मारणारा माणूस लागत नाही. ते काम संगणकाचे प्रोग्रॅम आपोआप करतात. एका वेबसाइटचं नाव दिलं, की ती कोणाच्या नावावर आहे, कुठल्या कंपनीच्या संगणकावर ठेवली आहे, कुठल्या सॉफ्टवेअरवर चालते, ते शेवटचं कधी सुधारलं, तिच्यावर कोणाकोणाचे ईमेल पत्ते आणि फोन नंबर आहेत, कोणत्या जुन्या फायली विसरून राहिल्या आहेत, ही सगळी माहिती हे प्रोग्रॅम काही मिनिटांत एका जागी गोळा करून देतात.

‘पण वेबसाइटचा आणि आमचा काय संबंध? आम्ही काय कंपनी चालवतो?’ असं बऱ्याच जणींना वाटेल. जरा आठवून बघा. मुलांच्या शाळेची वेबसाइट आहे, नगरपालिकेची आहे, पतसंस्थेची आहे. समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाची आहे. बचत गटांच्या महासंघानं लोणची-पापड विकायला एक काढली आहे. महिला मंडळाची, वाचनालयाची, डॉक्टरांच्या दवाखान्याचीही आहे. आपली वेबसाइट नसली तरी आपण त्यांच्यावर आहोत. सभासद यादीत, लाभार्थी यादीत, पालक सभेच्या फोटोत, स्पर्धेच्या निकालात, कधी नावानिशी तर कधी मोबाइल नंबरासकट. त्यामुळे या रेकीत घर दुसऱ्याचं असलं, तरी आतलं सामान आपलं असतं.

ही माहिती मिळते कुठून, ते आधी समजून घेऊ. त्यात जादू काही नाही. जमिनीचा जसा सातबारा, तसा वेबसाइटच्या नावाचाही उतारा असतो. इंग्रजी अक्षरांतल्या त्या नावाला डोमेन म्हणतात. ते ठरावीक मुदतीसाठी पैसे भरून घ्यावं लागतं आणि त्याची नोंद होते. ‘हूइज’ नावाच्या सोयीनं ही नोंद कोणालाही बघता येत असे. कितीतरी वर्षं त्यात मालकाचं नाव, घरचा पत्ता, फोन सगळं उघडं असे. मे २०१८ मध्ये युरोपात माहितीच्या संरक्षणाचा कडक कायदा लागू झाला आणि त्यानंतर बऱ्याच नोंदींतली खासगी माहिती झाकली गेली. जानेवारी २०२५ मध्ये तर ही जुनी पद्धतच औपचारिकपणे निवृत्त झाली आणि तिची जागा नव्या पद्धतीनं घेतली. पण अठराच्या आधी ज्यांनी नोंदी उतरवून ठेवल्या होत्या, त्या त्यांच्याजवळ आहेतच.

दुसरा मार्ग आडनावांसारखा आहे. मोठ्या वाड्याला जशा खोल्या, तसे एका वेबसाइटचे पोटभाग असतात. एक मुख्य, एक सभासदांसाठी, एक चाचणीसाठी तयार केलेला आणि मग तसाच राहून गेलेला. तो चाचणीचा भाग कोणाला माहीत नाही, असं संस्थेला वाटतं. पण वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसायला जे प्रमाणपत्र लागतं, त्याची नोंद आता सार्वजनिक वहीत होते. यामागे २०११ सालची एक घटना आहे. डिजिनोटार या हॉलंडमधल्या प्रमाणपत्रं देणाऱ्या कंपनीत घुसून कोणीतरी गूगलसह अनेकांच्या नावानं खोटी प्रमाणपत्रं काढली. कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. असं पुन्हा झालं तर लगेच कळावं, म्हणून प्रमाणपत्रांच्या उघड वह्या ठेवण्याची पद्धत रुजली. पद्धत चांगलीच आहे. पण वही सर्वांना उघडी असल्यामुळे आपल्या वाड्यात खोल्या किती, हेही त्यातून बाहेरच्याला मोजता येतं.

तिसरी गोष्ट तर मला फार मजेशीर वाटते. १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी एक साधी पद्धत सुचवली. वेबसाइटवर एक छोटी चिठ्ठी ठेवायची आणि माहिती गोळा करत फिरणाऱ्या प्रोग्रॅमना त्यात सांगायचं, की बाबांनो, अमुक अमुक कप्प्यात येऊ नका. गूगलसारखे सभ्य पाहुणे ती चिठ्ठी पाळतात. पण ती सर्वांना वाचता येते आणि तिला कुलूप नसतं. त्यामुळे काही संस्था त्या चिठ्ठीत नेमके आपले नाजूक कप्पे लिहून ठेवतात. म्हणजे कपाटाला कुलूप न लावता दारावर पाटी लावायची, की ‘दागिने डाव्या कपाटात आहेत, कृपया उघडू नये.’ रेकी करणारा प्रोग्रॅम पहिल्यांदा ही चिठ्ठीच वाचतो, यात नवल ते काय?

शिवाय फायली बोलतात. आपण वेबसाइटवर चढवलेल्या अहवालात आपल्याला दिसतो तो मजकूर, पण फाइलच्या पोटात ती कोणी, कधी आणि कुठल्या सॉफ्टवेअरवर बनवली याची नोंद असते. मोबाइलवर काढलेल्या फोटोत, सोय चालू असेल तर, तो कुठे काढला त्या जागेचीही नोंद असते. आणि एकदा काढून टाकलेलं पान पूर्ण गेलंच, असंही समजू नये. अमेरिकेतल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेनं १९९६ पासून जगभरच्या वेबसाइटच्या प्रती जपून ठेवायला सुरुवात केली आणि २००१ पासून ‘वेबॅक मशीन’ या नावानं त्या सर्वांना खुल्या केल्या. अभ्यासकांसाठी तो खजिनाच आहे. पण आपल्या मंडळानं चार वर्षांपूर्वी चढवून नंतर उतरवलेली यादीही त्यात असू शकते.

यातली एकेक वस्तू सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटते. स्वयंपाकघरात जिरं वेगळं, मिरची वेगळी, खोबरं वेगळं. एकत्र वाटलं की मसाला होतो. नाव एका यादीतून, मोबाइल दुसऱ्या यादीतून, गावाचं नाव फोटोखालच्या ओळीतून, पतसंस्थेचं नाव वार्षिक अहवालातून. हे जोडलं, की फोनवर बोलणारा अनोळखी माणूस म्हणतो, ‘ताई, तुमच्या गटाचं खातं अमुक शाखेत आहे ना? अध्यक्षा तमुक ताई ना? त्यांनीच तुमचा नंबर दिला.’ आपण सावध असतो, पण अनोळखी माणसापासून. जो इतकं सगळं बरोबर सांगतो, तो आपल्याला अनोळखी वाटतच नाही. फसवणुकीच्या तक्रारी घेऊन ज्या बायका माझ्याकडे येतात, त्यांच्या तोंडी एक वाक्य हटकून असतं, ‘त्याला सगळं माहीत होतं हो!’

आता दुसरा आक्षेप. ‘आमचं तालुक्याचं गाव. आमच्या वेबसाइटकडे कोण बघतंय?’ हा समज सगळ्यात घातक आहे. माणूस चोर असेल तर तो श्रीमंताचा बंगला निवडेल. यंत्र निवडत नाही, ते सरसकट सगळ्यांची दारं ढकलून बघतं. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘झेडमॅप’ नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला. जलद इंटरनेट असेल तर एका साध्या संगणकावरून या सगळ्या पत्त्यांवर टकटक करून यायला त्याला पाऊण तासही लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. आपला कुकर होऊन भाजी टाकेपर्यंत सगळ्या जगाच्या दारांवरून चक्कर! त्यात मुंबईची बँक काय आणि आपलं महिला मंडळ काय, यंत्राला सारखंच.

सरसकट दारं ढकलण्याचा परिणाम काय होतो, याची दोन उदाहरणं देते. अमेरिकेत ‘इक्विफॅक्स’ ही कंपनी लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवते. मार्च २०१७ मध्ये वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधला दोष जाहीर झाला आणि त्याची दुरुस्तीही त्याच वेळी उपलब्ध झाली. पुढच्या काही दिवसांतच, दुरुस्ती कोणी केलेली नाही, हे शोधत कोणीतरी या कंपनीच्या दारापर्यंत पोचलं होतं. एका ठिकाणी ती दुरुस्ती राहून गेली होती. मे ते जुलै अडीच महिने चोर आत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावं, जन्मतारखा, ओळख क्रमांक गेले. एवढी मोठी कंपनी, आणि लुटली गेली ती एका न लावलेल्या कडीमुळे.

दुसरं उदाहरण घरातल्या वस्तूंचं आहे. २००९ मध्ये जॉन मॅथर्ली यांनी ‘शोडान’ नावाचं शोधयंत्र सुरू केलं. गूगल पानं शोधतं, तर शोडान इंटरनेटला जोडलेली यंत्रं शोधतं, त्यात कॅमेरेही आले. त्यामुळे उघडे पडलेले कॅमेरे किती आहेत, हे संशोधकांना आणि कंपन्यांना कळू लागलं. पण २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमनं स्वतःच दारं ठोठावत जगभरचे असे कॅमेरे आणि इंटरनेटचे डबे हुडकले. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या साठ-बासष्ट नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, बाकी काही नव्हतं. लोकांनी ते बदललेलेच नव्हते! त्या कॅमेऱ्यांची फौज वापरून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. मिराय बनवणारे कोण निघाले? कॉलेजच्या वयाची तीन पोरं. त्यांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. आज आपल्याकडे सोसायटीच्या फाटकावर, वर्गात, मुलींच्या वसतिगृहात असे कॅमेरे लागले आहेत. बसवणाऱ्यानं पासवर्ड बदलला का, असं आपल्यापैकी किती जणींनी विचारलं?

आता आपल्या देशाकडे येऊ. २०१७ हे वर्ष या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्या वर्षी मे महिन्यात ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेच्या अहवालानं दाखवून दिलं, की निवृत्तिवेतन आणि रोजगार हमीसारख्या योजनांच्या अवघ्या चार सरकारी पोर्टलवर मिळून सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले असावेत. तिथे कोणी कुलूप फोडलं नव्हतं. माहिती नुसती ठेवलेली होती, ज्याला बघायची त्यानं बघावी. त्याच वर्षी माहिती अधिकारातल्या एका उत्तरात आधार प्राधिकरणानंही मान्य केलं, की केंद्र आणि राज्य सरकारांच्या सुमारे २१० वेबसाइटवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक दिसत होते आणि ते काढायला लावले. आठवा, या योजनांचे लाभार्थी कोण असतात? विधवा, निराधार, म्हाताऱ्या बाया, रोजगार हमीवर माती उचलणाऱ्या मजूर. ज्यांनी आयुष्यात कधी संगणकाला हात लावला नाही, त्यांची कुंडली संगणकावर उघडी होती.

इथे एक पेच आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. या याद्या उघड असाव्यात, यासाठी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला आहे. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं, एकाच माणसाला चार ठिकाणी मजुरी, हे यादी उघड झाल्यावरच पकडलं गेलं. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा त्याच लढ्यातून आला. त्यामुळे ‘याद्याच बंद करा’ असं म्हणणं म्हणजे त्या बायकांच्याच तोंडचा घास पुन्हा अंधारात ढकलणं. मग उपाय काय? उपाय रकान्यांत आहे. नाव, गाव, योजना आणि मिळालेली रक्कम एवढं उघड असलं की गावाला हिशेब तपासता येतो. त्यासाठी आधार क्रमांक, बँक खातं आणि मोबाइल लागत नाही. यादी उघडी ठेवा, पण रकाने मोजून ठेवा. ज्यानं यादी चढवली त्यानं एक्सेलची फाइल जशीच्या तशी न चढवता तीन रकाने आधी पुसले असते, तर हे सगळं टळलं असतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि दोन कोटींहून अधिक बायकांनी आपापले कागद ठिकठिकाणच्या केंद्रांवर दिले. आता तर हा प्रश्न घराघरातला झाला आहे.

सरकारी याद्यांचं सांगितलं, पण आपल्या संस्था तरी कुठे सावध आहेत? सामाजिक कामाच्या निमित्तानं एका वधू-वर सूचक मंडळाची वेबसाइट मी पाहिली. गेल्या सहा-सात मेळाव्यांच्या पुस्तिका तिथे जशाच्या तशा ठेवलेल्या. मुलीचं नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, पगार, वडिलांचा व्यवसाय, घरचा पत्ता, दोन मोबाइल नंबर आणि फोटो. त्यातल्या एका मुलीचं लग्न होऊन तिला मूल झालं, तरी रात्री-अपरात्री फोन येणं थांबेना. सासरी संशय, माहेरी मनस्ताप. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना विचारलं, तर वेबसाइट बनवणारा मुलगा पुण्याला गेला, पासवर्ड त्याच्याकडे, त्याचा नंबर बदललेला. म्हणजे घर आपलं, पण किल्ली कोणाकडे आहे तेच माहीत नाही. कोणाचाही वाईट हेतू नव्हता. पण त्या मुलीनं जे भोगलं, ते चांगल्या हेतूनं भरून निघत नाही.

आणि मग घरोघरी जो उपाय निघतो, त्याची मला जास्त काळजी वाटते. ‘तिचा नंबर कुठे द्यायचाच नाही.’ ‘अध्यक्षा तू, पण नंबर भाऊजींचा टाक.’ ‘फोटो नको, उगाच लोकांच्या डोळ्यांत येतं.’ हळूहळू गट बायकांचा, घाम बायकांचा, पण वेबसाइटवर नाव आणि नंबर पुरुषाचा! गिऱ्हाइकाचा फोन त्याच्याकडे, भाव तोच ठरवणार, पैशाचा निरोपही त्यालाच. माहितीची चोरी होते ती एकदा, पण तिच्या भीतीनं बायकांची ओळख जाते ती कायमची. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ नावाच्या अॅपवर मुस्लिम महिलांचे उघडे असलेले फोटो गोळा करून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. मुंबई पोलिसांनी त्या प्रकरणात अटका केल्या. ज्यांचे फोटो उचलले त्यांत बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या बायका होत्या. त्यांनी गप्प बसावं, हाच तर त्यामागचा डाव होता. म्हणून बाईनं स्वतःला पुसून टाकणं हे उत्तर नव्हे. ज्या संस्थेनं तिची माहिती घेतली, तिनं ती सांभाळणं, हे उत्तर आहे. धंद्यासाठी नंबर द्यावा लागतोच. तो कामापुरता वेगळा ठेवावा, गटाच्या नावानं घ्यावा, आणि तो फोन गटातल्या बाईच्याच हातात असावा.

रेकीची ही साधनं वाईट, म्हणून त्यांच्यावर बंदी घाला, असंही मी म्हणणार नाही. विळीनं भाजी चिरतात आणि बोटही कापतं. ‘एनमॅप’ हे या जातीतलं प्रसिद्ध साधन १९९७ मध्ये गॉर्डन लायन यांनी सर्वांसाठी मोफत खुलं केलं. आज संस्थांच्या सुरक्षेची तपासणी करणारी माणसं रोज तेच वापरतात. चोराला जे दिसतं ते मालकाला आधी दिसावं, हा त्यामागचा विचार. परवानगी घेऊन अशी तपासणी करणं हा आता चांगला पगार देणारा व्यवसाय आहे, आणि आपल्या मुलींनी त्यात जरूर जावं. प्रश्न साधनाचा नाही, परवानगीचा आणि हेतूचा आहे. आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, चोर रोज बघतो आणि मालक वर्षानुवर्षं बघत नाही, त्याचं काय?

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा आहे. परवानगीशिवाय कोणाच्या संगणकात शिरणं किंवा त्यातली माहिती उतरवून घेणं हे कलम ४३ खाली येतं, आणि ते अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा घटनांकडे लक्ष ठेवण्यासाठी २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची यंत्रणा काम करते. आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू करायचं ठरलं आहे. माहिती गोळा करणाऱ्या संस्थेनं ती सुरक्षित ठेवलीच पाहिजे, नाही तर मोठा दंड, हा त्याचा गाभा. पण एक बारीक अक्षरातली गोष्ट ध्यानात ठेवा. जी माहिती बाईनं स्वतःच जगजाहीर केली आहे किंवा कायद्याच्या आदेशानं जाहीर झाली आहे, तिला या कायद्याचं छत्र नाही. म्हणजे आधी उघडं टाकायचं आणि मग कायद्याकडे धावायचं, याचा फारसा उपयोग नाही.

म्हणून आपल्या हातात काय आहे ते बघू. यातलं काहीही करायला संगणक शिकावा लागत नाही. बचत गटाची सभा चालवणारी बाई हिशेब विचारायला कधी कचरत नाही. तेच पाच प्रश्न आता वेबसाइटबद्दल विचारायचे. पहिला, वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर घेतलं आहे आणि त्याची मुदत कधी संपते? ते संस्थेच्याच नावावर हवं. मुदत चुकली की कोणीही तेच नाव विकत घेऊ शकतो, आणि आपल्या शाळेच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकते. दुसरा, पासवर्ड कोणाकोणाजवळ आहे? एकाच्याच खिशात नको आणि दहा जणांच्या व्हॉट्सअॅपवरही नको. दोन जबाबदार पदाधिकाऱ्यांकडे असावा, आणि पदाधिकारी बदलले की बदलावा.

तिसरा, वेबसाइटचं सॉफ्टवेअर शेवटचं कधी सुधारलं? जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चारहून अधिक एकट्या ‘वर्डप्रेस’वर चालतात, आपल्याकडच्या छोट्या संस्थांच्याही बहुधा त्याच्यावरच असतात. तिच्यातला एखादा जुना दोष जाहीर झाला की यंत्रं एका दमात सगळीकडे तोच शोधत सुटतात. वेबसाइट बनवून देणाऱ्याशी ठरवताना बनवण्याच्या पैशाबरोबर दरवर्षीच्या देखभालीचंही ठरवून घ्यावं. घर बांधलं की गळती काढावी लागतेच ना? चौथा, तिथे कोणत्या याद्या आणि फोटो आहेत, आणि ते अजून का आहेत? मेळावा झाला, निकाल लागला, पुस्तिकेचं काम संपलं, की ती उतरवायची. आणि उतरवल्यावर गूगलच्या शोधात आणि वेबॅक मशीनमध्ये तिची प्रत राहिली असेल, तर काढण्याची विनंती करता येते, तीही करायची. पाचवा, कोणाला काही चूक दिसली तर त्यानं कोणाला कळवायचं? तेवढ्यासाठी संस्थेचा एक ईमेल आणि एक माणूस नेमलेला हवा. दोष दाखवणाऱ्यावर डाफरण्यापेक्षा त्याचे आभार मानलेले बरे.

आणि स्वतःपुरतं एक काम आजच करा. मुलीला किंवा सुनेला शेजारी बसवा, आणि आपलं पूर्ण नाव अवतरण चिन्हात घालून गूगलवर शोधा. मग मोबाइल नंबर तसाच शोधा, आपल्या संस्थेचं नावही शोधा. जे निघेल ते बघून कदाचित हसू येईल, कदाचित धक्काही बसेल. ईमेल वापरत असाल तर ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या वेबसाइटवर तो पत्ता टाकून, कुठल्या मोठ्या माहितीचोरीत तो गेला होता का, तेही बघता येतं. गेला असेल तर तिथला पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथलाही. फोनवर कोणी आपली सगळी माहिती बिनचूक सांगितली तर त्यावरून तो आपला माणूस ठरत नाही. फोन ठेवा आणि शाखेच्या नेहमीच्या नंबरावर आपण फोन करा. आणि फसवणूक झालीच, तर लाजून घरात बसू नका, १९३० या नंबरावर ताबडतोब कळवा. पैसे अडवण्यासाठी पहिले काही तास फार मोलाचे असतात.

आपल्याकडे संस्थेची वेबसाइट म्हणजे उद्‌घाटनाचा सोहळा. पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबायची, टाळ्या वाजवायच्या, पेपरात फोटो द्यायचा. नंतर तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही. येत्या वार्षिक सभेत अहवाल आणि ताळेबंद मंजूर करताना विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घालायला लावा, ‘संस्थेच्या वेबसाइटवरील सभासदांच्या माहितीचा आढावा.’ सचिव जरा गोंधळतील, कोणी हसेल, ‘ह्या बायकांना आता हे कोणी शिकवलं’ असंही कुजबुजतील. कुजबुजू द्या. पण विषय इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय सभेतून उठू नका.